विश्लेषण : मूल सांभाळणे शक्य नसलेल्या आईसमोर कायदेशीर मार्ग कोणता? ६० दिवसांची मुदत कशासाठी?

नवजात अर्भक उघड्यावर सापडल्याची बातमी राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या शहरातून सतत येत असते. बातमीत पोलीस येतात, रुग्णालय येते, ‘निर्दयी माता’ हे शब्दही येतात. मात्र मूल सांभाळणे शक्य नसलेल्या आईला ते सुरक्षितपणे आणि नाव उघड न होता शासकीय यंत्रणेच्या ताब्यात देण्याचा मार्ग कायद्यात आहे, हे क्वचितच सांगितले जाते. नाशिकच्या अंबडसारख्या कामगार वस्तीत ही माहिती वेळेत मिळाली, तर एका बाळाचा जीव आणि एका बाईवरचा गुन्हा, दोन्ही टळू शकतात. हा मार्ग नेमका काय आहे आणि त्यात आईला मदत कुठे मिळते, कुठे मिळत नाही?

अंबडमध्ये हा प्रश्न वेगळा का?

अंबड आणि शेजारची सातपूर या नाशिकच्या मोठ्या औद्योगिक वसाहती. सुटे भाग, विद्युत उपकरणे आणि अभियांत्रिकीच्या कारखान्यांत कामासाठी खान्देश, मराठवाड्यासह उत्तर प्रदेश, बिहारमधूनही कुटुंबे येतात. चुंचाळे, दत्तनगर, सिडको भागात एका खोलीचे भाडे भरून राहतात. काम बहुतेकदा ठेकेदारामार्फत. बाळंतपणाला हाताशी आई नाही, सासू नाही, आणि गावाकडे कळू द्यायचे नाही अशीही परिस्थिती असते. यात अविवाहित मुली आहेत, नवऱ्याने सोडलेल्या बायका आहेत, तसेच आधीची दोन-तीन मुले असलेली विवाहित जोडपीही आहेत.

गर्भपाताचा कायदेशीर पर्यायही अनेकदा हातातून गेलेला असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे २० आठवड्यांपर्यंत आणि ठरावीक गटांतील महिलांना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. अविवाहित महिलांनाही २४ आठवड्यांची मर्यादा लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. पण भीतीपोटी लपवलेली गर्भधारणा डॉक्टरपर्यंत पोहोचते तेव्हा बहुधा ही मुदत उलटून गेलेली असते. मग प्रश्न उरतो तो जन्माला येणाऱ्या बाळाचा.

‘समर्पण’ म्हणजे काय?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) कायदा, २०१५ च्या कलम ३५ नुसार, शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांमुळे मूल सांभाळणे आवाक्याबाहेर गेले असेल, तर पालक ते मूल बालकल्याण समितीसमोर हजर करून तिच्या ताब्यात देऊ शकतात. यालाच मूल समर्पित करणे म्हणतात. बालकल्याण समिती प्रत्येक जिल्ह्यासाठी असते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी तिची रचना असून किमान एक सदस्य महिला असावी लागते.

समिती आधी चौकशी आणि समुपदेशन करते. त्यानंतरही पालक ठाम असतील तर समर्पणपत्रावर सह्या होतात आणि बाळ विशेष दत्तक संस्थेकडे सोपवले जाते. नाशिकमध्ये घारपुरे घाटावरील आधाराश्रम ही दत्तकविधानाचे काम करणारी परिचित संस्था आहे. आई थेट अशा संस्थेत गेली तरी प्रक्रिया समितीमार्फतच होते.

विवाहित जोडप्याच्या बाबतीत आई आणि वडील दोघांच्या सह्या लागतात. अविवाहित मातेचे मूल मात्र फक्त तीच समर्पित करू शकते. वडिलांची सही लागत नाही. तिचे समर्पणपत्र शक्यतो समितीच्या महिला सदस्यासमोर करावे, असे नियम सांगतात. आई १८ वर्षांखालील असेल तर सोबतच्या प्रौढ व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही होते. अशा प्रकरणात पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, पण मुलीची ओळख जाहीर करण्यास कायद्यानेच मनाई आहे.

बाळ टाकून देणे आणि समर्पण यांत फरक काय?

बाळ टाकून देण्यामागचे मोठे कारण असते गुप्तता. कुणाला कळू नये म्हणून बाई बाळ मंदिराच्या पायरीवर किंवा झुडपात ठेवून निघून जाते. प्रत्यक्षात कायद्याची रचना नेमकी उलट आहे.

टाकून दिलेले बाळ सापडले की २४ तासांच्या आत यंत्रणेला कळवावे लागते. पालकांचा शोध सुरू होतो आणि त्यासाठी बाळाची माहिती छायाचित्रासह वृत्तपत्रात प्रसिद्ध केली जाते. पोलीस सीसीटीव्ही चित्रण तपासतात, आसपासच्या रुग्णालयांतल्या प्रसूतीच्या नोंदी पाहतात. बारा वर्षांखालील मुलाला टाकून देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ खाली गुन्हा असून त्यात सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

समर्पित बाळाच्या बाबतीत कोणतीही जाहीर सूचना किंवा जाहिरात देता येत नाही. पालकांच्या आणि बाळाच्या गोपनीयतेची जबाबदारी समिती आणि संस्था या दोघांवर असते. समर्पण हा गुन्हा नाही. म्हणजे ज्या गुप्ततेसाठी बाळ रस्त्यावर सोडले जाते, ती गुप्तता समितीच्या दारातच मिळते. शिवाय आईने आपल्या आणि घराण्याच्या आजारांची माहिती दिली, तर पुढे डॉक्टरांना बाळाच्या उपचारांत तिचा उपयोग होतो. टाकून दिलेल्या मुलाला ती कधीच मिळत नाही.

एक अडचण मात्र आहे. विवाहित जोडप्याचे मूल एकाच पालकाने आणले आणि दुसऱ्याचा ठावठिकाणा नसेल, तर ते मूल ‘परित्यक्त’ मानले जाते. नवरा सोडून गेलेल्या बाईच्या वाट्याला त्यामुळे शोधाची लांबची प्रक्रिया येते.

६० दिवसांची मुदत कशासाठी?

समर्पणाच्या तारखेपासून ६० दिवसांत पालकांना निर्णय बदलून बाळ परत मागता येते. बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे शरीराने आणि मनाने कठीण असतात, घरच्यांचा दबाव असतो. त्या अवस्थेत केलेली सही लगेच अंतिम ठरू नये, हा यामागचा विचार. मुदत संपल्यावर मात्र समर्पण मागे घेता येत नाही. समिती बाळाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करते.

हे तत्त्व जगभर मान्य आहे. आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग करारानुसार आईची संमती बाळाच्या जन्मानंतरच घेता येते. भारताने २००३ मध्ये हा करार स्वीकारला. इंग्लंडमध्ये बाळ सहा आठवड्यांचे होईपर्यंत आईने दिलेली दत्तकाची संमती ग्राह्य धरत नाहीत. फ्रान्समध्ये नाव गुप्त ठेवून प्रसूत होणाऱ्या आईला निर्णय बदलण्यासाठी दोन महिने मिळतात.

अमेरिकेत गर्भवती स्त्री अनेकदा दत्तक कुटुंब स्वतः निवडते. भारतात तसे करता येत नाही. बाळाच्या जन्माआधी आईशी दत्तकाबाबत कोणताही करार करण्यास संस्थेला मनाई आहे. बाळ कोणाकडे जाईल हे ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीतील प्रतीक्षा यादीवरून ठरते आणि २०२१ च्या दुरुस्तीनुसार अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात.

मूल स्वतःकडे ठेवायचे असेल तर कोणती मदत?

समर्पणाआधी पालकांना मूल स्वतःकडे ठेवण्यासाठी प्रोत्साहन द्यावे, असे दत्तक नियमावली, २०२२ सांगते. केवळ गरिबी हे मूल कुटुंबापासून वेगळे करण्याचे कारण असू नये, असे संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. पण नुसत्या समजावणीने खोलीचे भाडे निघत नाही. म्हणून पुढील योजना माहीत असणे महत्त्वाचे.

• राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना : एकल पालकांच्या मुलांसह पात्र मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये.

• केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मधील प्रायोजकत्व : विधवा, घटस्फोटित किंवा कुटुंबाने सोडलेल्या आईच्या मुलासाठी दरमहा ४,००० रुपये. शहरी भागासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ९६,००० रुपये.

• राज्य कामगार विमा : पुरेसे दिवस वर्गणी भरलेल्या महिला कामगाराला २६ आठवड्यांचा प्रसूती लाभ. यासाठी विवाहित असण्याची अट नाही. ठेकेदारामार्फत काम करणारीलाही हा हक्क आहे. या योजनेचे रुग्णालय सातपूरला आहे.

• पाळणाघर : ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे.

• निवारा आणि सल्ला : संकटातील महिलांसाठी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आणि शक्ती सदन. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील.

यातली विसंगती उघड आहे. ९६,००० रुपये म्हणजे महिन्याला ८,००० रुपये. कारखान्यात पूर्णवेळ काम करणारी बाई सहज या मर्यादेबाहेर जाते. काम सोडले तर योजना मिळते, काम धरले तर बाळाला सांभाळायला कोणी नाही, अशी तिची कोंडी होते. शिवाय अर्ज मंजूर होऊन पैसे खात्यात येईपर्यंत ६० दिवस सरले, तर त्या मदतीचा तिच्या निर्णयासाठी उपयोग राहत नाही.

परस्पर मूल दिले तर?

मूल हवे असलेल्यांची रांग मोठी आहे. २०२४-२५ मध्ये ‘कारा’मार्फत देशात ४,५१५ दत्तकविधाने झाली. निरोगी, लहान बाळासाठी थांबण्याचा काळ मात्र तीन वर्षांहून अधिक आहे. दलालांचा धंदा चालतो तो याच दरीत. ‘चांगले घर आहे, बाळंतपणाचा खर्च देतील’ असा निरोप घेऊन ओळखीचेच कोणी येते.

बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ नुसार मुलाची खरेदी-विक्री करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो. रुग्णालयातील कर्मचारी यात असेल तर शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षे. पैसे घेतले तर आईसुद्धा आरोपी ठरते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवजात बाळांच्या तस्करीबाबत कडक भूमिका घेत, बाळ चोरीला गेल्यास रुग्णालयाचा परवाना निलंबित करण्यास सांगितले.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार नातेवाइकांत किंवा ओळखीत मूल दत्तक देता येते, मात्र त्यातही पैशांची देवाणघेवाण हा गुन्हा आहे. केवळ स्टॅम्प पेपरवर नोटरी केल्याने मूल दत्तक जात नाही. उद्या घेणाऱ्यांनी जबाबदारी झटकली तर अशा कागदाच्या बळावर ना आईला दाद मागता येते, ना मुलाला.

पुढे मूल आईचा शोध घेऊ शकते का?

दत्तक गेलेली व्यक्ती १८ वर्षांची झाल्यावर आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करू शकते. हे आईला समर्पणाच्या वेळीच सांगणे संस्थेवर बंधनकारक आहे. मूल परदेशातही दत्तक जाऊ शकते, याचीही कल्पना द्यावी लागते. नाव गुप्त ठेवण्याची विनंती आईने केली असेल, तर तिच्या लेखी संमतीशिवाय तिची माहिती दिली जात नाही.

महाराष्ट्रासाठी हा विचार नवा आहे का?

नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी तिथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल न्यावे की ठेवावे हे त्यांनीच ठरवावे, अशी त्याची पद्धत होती. तिथे जन्मलेल्या यशवंतला फुले दाम्पत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. पंढरपुरातही १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने बालकाश्रम उभा राहिला. बाळ वाचवायचे तर आधी आईला निवारा आणि निर्णयाचा हक्क द्यावा लागतो, हे या दोन्ही ठिकाणी दीडशे वर्षांपूर्वी ओळखले गेले होते.

उणीव कुठे आहे?

दत्तक गेलेल्या मुलाचा पाठपुरावा दर सहा महिन्यांनी, दोन वर्षे केला जातो. मूल दिलेल्या आईसाठी तसा बांधील पाठपुरावा नियमावलीत नाही. सहीनंतर तिचे दूध सुकवण्यापासून मानसिक आधारापर्यंतचे प्रश्न तिचे तिलाच सोडवावे लागतात. आणि सहीच्या आधी, गर्भारपणाच्या महिन्यांत, तिच्यापर्यंत पोहोचू शकणारी माणसे म्हणजे आशा सेविका, अंगणवाडी सेविका, कारखान्यातली सुपरवायझर आणि खासगी दवाखान्यातली परिचारिका. त्यांच्यापैकी किती जणींना समर्पणाची प्रक्रिया ठाऊक आहे, यावर या कायद्याचा खरा उपयोग ठरतो. अंबडच्या कारखान्यांत सुरक्षेचे फलक दर्शनी भागात लावलेले असतात. त्याच भिंतीवर आणि प्रत्येक प्रसूतिगृहात दोन क्रमांक लावणे खर्चाचे काम नाही : मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१.