आधी पन्हळ लावा, मग फीत कापा

रायगडातल्या कर्जत तालुक्यातल्या पोशीरला पाणी नाही, असं पावसाळ्यात कुणी म्हटलं तर शेंबडं पोरही हसेल. या तालुक्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शाळेचं छप्पर 100 चौरस मीटरचं धरलं, तर वाया जाणारं सोडूनही दोन लाख लिटरहून जास्त पाणी त्यावरून उतरतं. ते अंगणात सांडतं आणि नदीला जातं. पोशीर नदीवर धरण बांधून शहरांची तहान भागवायला सरकारने 2025 मध्ये सहा हजार कोटींहून अधिक खर्चाला मंजुरी दिली. आणि एप्रिलात इथल्या वाडीवरची पोरं घरून बाटली भरून शाळेत येतात. या हिशोबाची मला चीड येते.

अशाच एका वाडीवरच्या शाळेत भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्या रंगवल्यात, सुबक. खालच्या बेसिनचा नळ कोरडा, तोटीत कोळ्याचं जाळं. संडासाला कुलूप, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. बाईंना मी दोष देणार नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. शिकवायचं, खिचडीचा हिशोब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची आणि वर बादल्याही त्यांनीच वाहायच्या? तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षेतून वर्षाला 10,000 रुपये मिळतात, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी. म्हणजे दिवसाला तीन रुपयेही नाहीत. तेवढ्यात साबण घ्यायचा की फिनेल?

सरकारी कंपन्यांनी शाळांत बांधलेली शौचालयं कॅगने 15 राज्यांत पाहिली. 72 टक्के ठिकाणी आत नळाचं पाणी नव्हतं, 55 टक्के ठिकाणी हात धुण्याची सोय नव्हती. भिंती उभ्या करून, फोटो काढून निघून जाणाऱ्यांचं हे प्रगतिपुस्तक आहे.

करायचं ते साधं आहे. पत्र्याला पन्हळ, पहिल्या पावसाचं गढूळ पाणी बाहेर सोडायला वेगळा पाइप, आणि गावचा गवंडी जाळी-सिमेंटात बांधेल अशी 10,000 लिटरची झाकणबंद फेरोसिमेंटची टाकी. सप्टेंबरअखेर ती भरलेली असली, तर दिवसाला दीड लिटरप्रमाणे 30 मुलांचं पिण्याचं पाणी उन्हाळी सुट्टीपर्यंत निघतं. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका; पाण्यात क्लोरीन उरलंय का, हे पाहायला ओटी टेस्ट घ्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ती येते. हात धुवायला दोरीने टांगलेला पाच लिटरचा कॅन, पायाने दाबायची काठी, शेजारी जाळीत साबण. ही युक्ती झिम्बाब्वेतून जगभर गेली. फुलपात्रभर पाण्यात पोराचे हात निघतात. संडासाला दोन शोषखड्डे, पण आमच्याकडे पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढतं, म्हणून ते भराव घालून उंचावर आणि विहिरीपासून लांब. हे शिकायला परदेशात जायला नको. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत स्वस्त संडासांचे प्रयोग केले, त्याला अर्धशतकाच्या वर काळ लोटला.

पैसा नाही, हे मला ऐकवू नका. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींचा 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला; पाऊस साठवणंही त्यात बसत होतं. तो कुठे मुरला, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. आणि ठराव करून घ्या: शाळेचा संडास रोज धुणाऱ्या माणसाचं मानधन ग्रामपंचायत देईल, दर महिन्याला, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत सुरू.