न वाचलेल्या कादंबऱ्यांची समीक्षा

लघु प्रणयकादंबरीविषयी मराठीत जे काही लिहिले किंवा चर्चासत्रांतून बोलले जाते त्यात एक व्याकरणविशेष सातत्याने आढळतो. हे सारे विवेचन अनेकवचनात चालते. ‘या कादंबऱ्यांतून’, ‘असल्या पुस्तकांमुळे’, ‘अशा वाचकवर्गाला’ इत्यादी. एखाद्या विशिष्ट कादंबरीचे, तिच्या लेखिकेचे नाव, तिच्यातील एखाद्या प्रसंगाचा निर्देश सहसा येत नाही. ‘कोसला’विषयी असे कोणी लिहिले असते तर ते लेखन समीक्षा म्हणून आपण स्वीकारले नसते. मग येथे ते का स्वीकारतो? ‘त्या सगळ्या सारख्याच असतात’ हे यावर मिळणारे उत्तर. परंतु सगळ्या सारख्या आहेत हे विधान करण्यासाठी निदान काही वाचाव्या लागतात, आणि काही वाचल्यानंतर ते विधान करता येत नाही, असा माझा अनुभव आहे. मी या कादंबऱ्यांचा जुना वाचक आहे. त्यांतील बऱ्याच वाईट असतात, हे त्यांच्या टीकाकारांपेक्षा मला अधिक तपशिलात ठाऊक आहे.

चर्चेचा विषय निश्चित केलेला बरा. मी बोलतो आहे ते मुख्यतः ‘मिल्स अँड बून’ आणि ‘हार्लेक्विन’ यांच्या मालिकांतून येणाऱ्या, समकालीन पार्श्वभूमीच्या, सुमारे ५०,००० शब्दांच्या कादंबऱ्यांविषयी. १९०८ साली लंडनमध्ये स्थापन झालेली पहिली संस्था आरंभी सर्व प्रकारची पुस्तके काढी. जॅक लंडनही तिच्याकडे होता. प्रणयकथेवर तिने भर दिला तो १९३० च्या दशकात, वाचनालयांतून भाड्याने पुस्तके नेणाऱ्या वाचकांच्या आधारावर. १९४९ साली विनिपेग येथे निघालेल्या हार्लेक्विनने ती १९७१ मध्ये विकत घेतली, आणि २०१४ मध्ये हार्लेक्विनच हार्परकॉलिन्सच्या मालकीची झाली. मुंबई-पुण्यातल्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांमधून ही पुस्तके दशकानुदशके हिंडली. २००८ पासून भारतात त्यांचे रीतसर प्रकाशन सुरू झाले आणि २०१० मध्ये मिलन व्होरा यांची ‘द लव्ह आसना’ आली. बाजाराचा हा इतिहास रंजक आहे. पण त्याने कादंबरीविषयी काहीच सिद्ध होत नाही. पुस्तक साबणासारखे विकले जाते म्हणून ते साबणासारखे लिहिलेही जाते, हे अनुमान तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातही टिकणार नाही.

आपल्या विद्यापीठीय लेखनात या विषयाला प्रतिष्ठा येते ती जॅनिस रॅडवे यांच्या ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या ग्रंथाच्या आधाराने. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात रॅडवे यांचे नाव घेतले की पुढे कादंबरी वाचण्याची जबाबदारी संपते. या ग्रंथाचे महत्त्व मला अमान्य नाही. परंतु तो काय आहे? ‘स्मिथटन’ असे टोपणनाव दिलेल्या एका अमेरिकी गावातील वाचक स्त्रियांचा तो अभ्यास आहे. ४२ जणींनी प्रश्नावली भरून दिली आणि १६ जणींच्या मुलाखती झाल्या. या स्त्रियांच्या आवडत्या कादंबऱ्यांत भर होता तो कॅथलीन वूडिविस यांच्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ (१९७२) सारख्या दीर्घ, ऐतिहासिक पार्श्वभूमीच्या कादंबऱ्यांचा. मालिकेतील लघु समकालीन कादंबरी ही या अभ्यासाची मध्यवर्ती वस्तूच नव्हे. पाचशे-सहाशे पानांच्या ऐतिहासिक कादंबरीवरून काढलेला निष्कर्ष १९० पानांच्या कादंबरीला लावताना निदान एखादे वाक्य खर्ची घालावयास हवे होते. ते घातलेले क्वचितच दिसते.

याहून गंभीर बाब पुढे आहे. रॅडवे यांच्या ग्रंथाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तो, ज्यात या वाचक स्त्रिया चांगली कादंबरी आणि फसलेली कादंबरी यांत भेद करतात. त्यांचे निकष ठाम आहेत आणि त्या त्यांच्यासाठी भांडतात. पहिली-दुसरी पाने चाळून, शेवट आधी वाचून त्या पुस्तके नाकारतात. म्हणजे ज्यांना आपण निष्क्रिय ग्राहक म्हणतो त्या स्त्रिया मूल्यमापन करीत आहेत, आणि ज्यांचा व्यवसाय मूल्यमापन हा आहे ते मात्र अनेकवचनात बोलत आहेत. आपल्या उद्धरणांतून नेमका हाच भाग गळून पडतो. उरते ते पितृसत्ता आणि पलायन. रॅडवे यांनी स्वतः १९९१ च्या आवृत्तीला नवी प्रस्तावना जोडून आपल्या भूमिकेची फेरतपासणी केली. आपण ती केलेली नाही.

आता रचनेकडे येतो, कारण खरा वाद तेथे आहे. जुन्या लघु प्रणयकादंबरीत निवेदन बहुधा नायिकेच्या जाणिवेशी बांधलेले असे. नायकाचे मन बंद. तो रागावतो, तुटक बोलतो, अचानक निघून जातो, आणि या वर्तनाचा अर्थ लावणे हे नायिकेचे व वाचकाचे काम. तानिया मोडलेस्की यांनी ‘लव्हिंग विथ अ व्हेन्जन्स’ (१९८२) मध्ये हार्लेक्विन कादंबऱ्यांच्या वाचनातील दुभंगाचे जे विश्लेषण केले ते या बंद मनावर उभे आहे. नायिकेला ठाऊक नसते ते संकेत माहीत असल्यामुळे वाचकाला ठाऊक असते, म्हणून वाचक तिच्याशी एकरूपही होतो आणि तिच्याहून शहाणाही राहतो. नायकाचे क्रौर्य हे लपलेले प्रेमच होते असा पुनर्अर्थ वाचक लावतो, हे रॅडवे यांचे प्रतिपादनही याच गृहीतावर अवलंबून आहे. नायकाच्या मनात काय आहे हे कळत असेल तर असा पुनर्अर्थ लावण्याचे कारणच उरत नाही.

१९८० च्या दशकापासून या प्रकारात नायकाचा दृष्टिकोण हळूहळू आला आणि पुढे तो नेहमीचाच झाला. एक प्रकरण तिच्या मनातून, एक त्याच्या मनातून. वरवर पाहता ही क्षुल्लक तांत्रिक सोय. प्रत्यक्षात तिने कादंबरीचा मूळ प्रश्नच बदलला. ‘त्याच्या मनात काय आहे?’ हा प्रश्न संपला. दोघांच्या मनात काय आहे हे आम्हांला ठाऊक, एकमेकांना नाही. मग हे ज्ञान कोणत्या किमतीला, कोणत्या क्रमाने त्यांच्यापर्यंत पोचणार, हा नवा प्रश्न झाला. रहस्याची जागा नाट्यात्म उपरोधाने घेतली. नायकाचे क्रौर्य आता झाकता येत नाही. ते त्याच्याच मनातून दिसते, आणि तेथे त्याला समर्थन नसले तर वाचक त्याला क्षमा करीत नाही. ज्या काळात हे परिवर्तन जेमतेम सुरू होत होते त्या काळातले दोन ग्रंथ घेऊन आजच्या कादंबरीविषयी बोलणे म्हणजे हरिभाऊंवरील टीका हाताशी धरून भाऊ पाध्यांवर निकाल देण्यासारखे आहे.

शेवट ठाऊक असतो हा दुसरा आक्षेप. संस्कृत नाटकाच्या परंपरेत वाढलेल्या भाषेतील समीक्षकाने तो घ्यावा याचे मला नवल वाटते. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण या पाच संधी ज्यांनी परीक्षेसाठी पाठ केल्या त्यांना, शेवट सुखाचा होणार हे ठाऊक असूनही विमर्श संधीत सहृदयाचे मन का हलते, हा प्रश्न परका नसावा. पामेला रेजिस यांनी २००३ साली प्रणयकादंबरीचे जे आठ आवश्यक घटक सांगितले त्यांत मीलन अशक्य वाटते असा एक मृत्युसदृश बिंदू आहे. विमर्शाशी त्याची तुलना एखाद्या विद्यार्थ्याने अवश्य करावी. मात्र रेजिस यांची यादीही वाचनाला पर्याय नाही. आठही घटक असलेली कादंबरी भिकार असू शकते, आणि पुष्कळदा असतेच.

भिकार केव्हा होते? मुख्यतः अडथळ्यामुळे. ५०,००० शब्दांत उपकथानकाला जागा नाही. दोन माणसे आणि त्यांच्यामधले अंतर एवढेच भांडवल. हे अंतर जर पाच मिनिटांच्या सरळ बोलण्याने मिटणारे असेल, तर ते बोलणे टाळण्यासाठी लेखिकेला दारे आपटावी लागतात, फोन वाजवावे लागतात, एखादी मत्सरी चुलतबहीण आणावी लागते. अशा कादंबऱ्या मी शंभरेक पानांवर मिटवतो. मालक आणि त्याची सचिव या जोडीच्या कादंबऱ्यांपैकी बहुतेक दुसऱ्या कारणाने फसतात. तो तिचा पगार देतो ही गोष्ट पहिल्या प्रकरणात आकर्षणाचे साधन असते आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत लेखिका ती विसरलेली असते. येथे नैतिक आक्षेपाआधी रचनेचा आक्षेप आहे: समोर पडलेला खरा अडथळा सोडून खोटा आणला गेला.

उलट उदाहरण घेऊ. कोर्टनी मिलन यांची ‘ट्रेड मी’ (२०१५) मालिकेतली नव्हे, लेखिकेने स्वतः प्रकाशित केलेली आहे आणि थोडी लांबही. पण तिने या प्रकारातील सर्वांत झिजलेला संकेत, म्हणजे अब्जाधीश नायक, उचलला आहे. पैशाच्या विवंचनेत शिकणारी टीना चेन आणि संगणक-उद्योगाच्या संस्थापकाचा मुलगा ब्लेक आपापली आयुष्ये काही काळासाठी बदलून घेतात. ही अदलाबदल समान नाही हे टीनाला पहिल्यापासून कळते, कारण तो कधीही परत जाऊ शकतो. हा अडथळा गैरसमजाचा नाही, परिस्थितीचा आहे. दोघे जितके स्पष्ट बोलतात तितका तो अधिक ठळक होतो. दुसरे उदाहरण अगदी निराळे: बेटी नील्स. व्यवसायाने परिचारिका, पती डच, लेखनाला सुरुवात निवृत्तीनंतर, पहिली कादंबरी १९६९ ची, आणि एकूण कादंबऱ्या १३० हून अधिक. इंग्लिश परिचारिका आणि डच डॉक्टर ही जोडी त्यांत इतक्या वेळा येते की ‘सारख्याच’ म्हणणाऱ्याला येथे तरी मी मोकळीक देईन. तरीही त्यांच्या कादंबऱ्या वाचताना लक्ष कथानकावर नसते. रुग्णालयातली पाळी, थकल्यावरचा चहा, मोजून वापरलेला पैसा, एकुलता चांगला पोशाख यांवर असते. काम करणाऱ्या स्त्रीच्या दिवसाची ही नोंद आहे. प्रेमकथा तिला निमित्त.

येथवर वाचून प्रणयकादंबरीचे नवे कैवारी खूष झाले असतील तर त्यांनाही दोन शब्द सांगायला हवेत. स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेले म्हणून मुक्तिदायी, हे विधानही अनेकवचनीच आहे आणि तेही वाचनावाचून करता येते. सुखान्त कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न त्यात बुडतो. अमेरिकेत १९८० साली व्हिव्हियन स्टीफन्स या कृष्णवर्णीय संपादिकेने, कृष्णवर्णीय लेखिकेने कृष्णवर्णीय नायक-नायिकांवर लिहिलेली ‘एन्ट्वाइन्ड डेस्टिनीज’ मालिकेत आणली. त्याच वर्षी तिच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या लेखकसंघटनेचे पारितोषिक कृष्णवर्णीय लेखिकेला प्रथम मिळाले ते २०१९ मध्ये. त्याच वर्षअखेर ती संघटना वंशभेदाच्या वादात दुभंगली. हा प्रश्न लावून धरला तो या कादंबऱ्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनीच. आपल्याकडे ज्योती पुरी (१९९७) आणि हैदराबादेतील तरुणींचा अभ्यास करणाऱ्या राधिका परमेश्वरन यांनी इंग्रजी प्रणयकादंबरीच्या भारतीय वाचकांविषयी गंभीर काम केले. ते वाचकांविषयीचे आहे. पुस्तकांचे परीक्षण हा त्यांचा हेतू नव्हता. ते आमचे काम होते.

मराठीत ते का झाले नाही याचे एक कारण मला दिसते. फडक्यांच्या ‘प्रतिभासाधन’ (१९३१) नंतर तंत्राचा अतिरेक झाला, आणि त्याच्या प्रतिक्रियेत ‘तंत्र’ हा शब्दच इतका बदनाम झाला की रचनेविषयी बोलणे म्हणजे फडकेपंथी होणे असे समीकरण रूढ झाले. नवकादंबरीला त्याचा फायदा झाला असेल. पण ज्या कादंबरीचे यशापयश रचनेवरच ठरते तिच्याविषयी बोलण्याची भाषा आपण गमावली. शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर यांची पुस्तके वाचनालयांत झिजून फाटली. त्यांतली कोणती चांगली, कोणती वाईट, हे समीक्षेने सांगितले नाही, वाचनालयातल्या बाईंनी काउंटरवर सांगितले. त्यांच्या नायकांची आडनावे कोणती, कोणत्या आडनावाच्या नायिकेला सुखान्त मिळत नाही, ही साधी मोजदादही माझ्या पाहण्यात नाही.

चंद्रकांत काकोडकरांचे उदाहरण तर विलक्षण आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले. निकाल देताना न्यायमूर्तींनी ती कथा घेतली, नायकाच्या आयुष्यात येणाऱ्या तीन स्त्रियांचे प्रसंग क्रमाने तपासले, आणि संपूर्ण कृतीचा परिणाम काय होतो याचा विचार केला. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वर आधारलेला ‘दो रास्ते’ पडद्यावर आला. काकोडकरांच्या एखाद्या कृतीचे इतके लक्षपूर्वक वाचन मराठी समीक्षेत मी शोधतो आहे. अजून तरी ते मला फक्त त्या निकालपत्रात सापडले आहे.