किनाऱ्यावरचे घर

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात भिंतीला भिंत खेटून घरे उभी आहेत. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, यावर घरातील कामांची आखणी करणे ही या शहराची जुनी सवय. अशा वस्तीतील एखादा शिक्षक वा कारकून सुट्टीत दिवेआगर किंवा गुहागर पाहून परततो, तेव्हा त्याच्या मनात एक घर रेंगाळत राहते. जांभ्याच्या चिऱ्यांचे जोते, कौलारू छप्पर, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीपलीकडे समुद्राची गाज. निवृत्तीनंतर तेथे जाऊन राहावे, ही इच्छा हास्यास्पद मुळीच नाही. गोंगाटाने गांजलेल्या माणसाची ती आपल्या शहराविरुद्धची मूक तक्रारच आहे.

परंतु या स्वप्नात एक प्रश्न हटकून गाळला जातो. ज्या घराचा एकांत हवासा वाटतो, ते ओस का पडले? एकोणिसाव्या शतकापासून कोकणातील तरुण मुंबईच्या गिरण्यांची वाट धरीत आला. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या, तरी ती वाट उलटी फिरली नाही. गणपतीत आणि शिमग्याला उघडणारी, एरवी कुलपाआड असणारी घरे तेथे गावोगाव आहेत. पाहुण्याला जो एकांत भासतो, तो मागे राहिलेल्या वृद्धांच्या लेखी एकटेपणा असतो.

शिवाय हे घर आपोआप टिकत नाही. पावसाळ्यापूर्वी कौले परतावी लागतात, पडवीला झापांच्या झडी बांधाव्या लागतात, वाडीचे शिंपणे चुकवून चालत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोलीच्या पट्ट्यातील वाड्या आडव्या केल्या. नवे सुपारीचे रोप फळाला येण्यास अनेक वर्षे लागतात. ती वाट तेथे बारमाही राहणाराच पाहू शकतो. वर्षातून आठ दिवस येणाऱ्याला वाडीपेक्षा कुंपणाचीच काळजी अधिक.

शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेण्यावर 1948 च्या कुळकायद्याने बंधन घातले. 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामावर निर्बंध आणले. असे कायदे जमीन काही अंशी राखू शकतात. शेजार राखणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. जुन्या कुलपाच्या जागी नवे, अधिक महागडे कुलूप आले, तर गावाचे ओसाडपण तसेच राहते.

मग सामान्य माणसाने हा मोह सोडूनच द्यावा काय? तसे नव्हे. जायचे तर बाराही महिने राहण्याच्या तयारीने, गावाच्या सुखदुःखात भागीदार होऊन जावे. ते शक्य नसेल, तर न्याहारी-निवासाची सोय करणाऱ्या एखाद्या कुटुंबाचा पाहुणा व्हावे. त्यात निदान एक घर उघडे राहते आणि दोन पैसे तेथल्याच माणसाच्या हाती पडतात. आणि परतल्यावर पुंडलिकनगरातील आपल्या दारापुढे एक कडुनिंब लावावा. ज्या निवांतपणासाठी माणूस इतक्या दूर धावतो, त्यातील थोडी सावली तरी घराशीच मिळू शकेल.