विश्लेषण : खाण्यावर ताबाच राहत नसेल, तर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते का?

नितीन गडकरी यांनी 2011 मध्ये बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया करून घेतली. 2017 मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना याच उपचारासाठी विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणण्यात आलं. त्यानंतर हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा झाला. आता बोदवडमध्ये बसूनही मोबाइलवर 'आधी आणि नंतर'चे फोटो दिसतात. पण भूक नसतानाही ज्याचा हात डब्याकडे जातो, त्याचं पोट लहान करून भागेल का?

शस्त्रक्रियेत नेमकं काय होतं?

सर्वाधिक होणाऱ्या 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते ती नळी. जळगाव जिल्ह्यात सांगायचं तर एका केळ्याच्या आकाराची. काढलेल्या भागात भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक तयार होत असतं, त्यामुळे भूकही कमी लागते. म्हणजे हा 'इच्छाशक्ती नसलेल्यांचा शॉर्टकट' नाही. अनेकांचा मधुमेहही आटोक्यात येतो.

मग अडतं कुठे?

जास्त खाणं एकाच प्रकारचं नसतं. वरण-बट्टीच्या पंगतीत आग्रहाने चार घास जास्त जाणाऱ्याला शस्त्रक्रियेचा चांगला फायदा होतो, कारण पोटच 'बस' म्हणतं. दिवसभर येता-जाता शेव, फरसाण, गोड चहा तोंडात टाकणाऱ्याचं तसं नाही. थोडं-थोडं खाल्लेलं, विशेषतः पातळ आणि गोड, त्या नळीतून सहज उतरतं. वजन पुन्हा वाढण्याचं हे एक मोठं कारण आहे.

तिसरा प्रकार 'बिंज ईटिंग'. थोड्या वेळात भरमसाट खाणं, थांबता न येणं, बहुतेकदा लपून खाणं आणि नंतर स्वतःची लाज वाटणं. आठवड्यातून किमान एकदा, असं तीन महिने चाललं तर तो आजार मानला जातो. 2013 पासून मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे. आपल्याकडे मात्र त्याला अजूनही 'खादाडपणा' म्हणून हसण्यावारी नेतात.

असा आजार असला म्हणून शस्त्रक्रिया नाकारली जात नाही. सुरुवातीच्या महिन्यांत यांचंही वजन चांगलं उतरतं. खरी परीक्षा वर्ष-दोन वर्षांनी असते. ताबा सुटण्याची भावना ज्यांच्यात परत येते, त्यांचं वजन कमी उतरतं किंवा पुन्हा चढतं. काहींची ओढ अन्नावरून दारूकडे वळते, बायपासनंतर हा धोका जास्त. त्यामुळे शस्त्रक्रियेआधीच्या एका समुपदेशनापेक्षा नंतरचा पाठपुरावा महत्त्वाचा ठरतो. जाहिरातीत नेमका तोच नसतो.

लहान गावातल्या रुग्णाची अडचण इथेच आहे. ऑपरेशन एकदा मोठ्या शहरात जाऊन होतं. बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या मात्र आयुष्यभराच्या. शाकाहारी घरांत बी-12 आधीच कमी असतं.

पात्रता आणि पैसे

2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी बीएमआयची मर्यादा 27.5 पर्यंत खाली आणली. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटी मात्र 40 वर, आणि अनियंत्रित मधुमेह किंवा हृदयविकारासारखा गंभीर आजार असेल तर 35 वर आहेत. साडेपाच फूट उंचीच्या माणसासाठी 40 म्हणजे साधारण 112 किलो, 35 म्हणजे 98 किलो. त्यामुळे डॉक्टरांनी 'पात्र' ठरवलेल्या माणसाचा दावा विमा कंपनी फेटाळू शकते. तारीख घेण्याआधी कंपनीकडून लेखी मंजुरी मागावी.