सहा-चारचं दान

मागच्या शनिवारी जयगडला मामांकडे गेलो होतो. जेवणं झाली आणि मामांनी पडवीत बॅकगॅमनचा पट मांडला. बोटीवर नोकरीला असताना ते हा खेळ शिकले. ज्यांना माहीत नाही त्यांनी आपल्या सारीपाटाचा लांबचा भाऊ समजावा. दोन फासे, २४ घरं, प्रत्येकी १५ सोंगट्या. दोन सोंगट्या एकत्र असल्या की घर पक्कं. एकटी सापडली की मार खाते आणि पुन्हा पहिल्यापासून प्रवास.

मामांचं पहिलंच दान पडलं सहा-चार. त्यांनी आठव्या घरातली एक आणि सहाव्या घरातली एक अशा दोन सोंगट्या उचलून थेट दुसऱ्या घरात बसवल्या. मला हसूच आलं.

"मामा, असं कोणी खेळतं का? एवढ्या आत गेलेल्या सोंगट्या पुढे वाट अडवायला काय कामाच्या?"

"अरे, घर तर पक्कं झालं ना? आता तुझी सोंगटी मेली तर आत यायला एक वाट कमी."

मी हरलो. पण एका डावावरून काही सिद्ध होत नाही, फासे आहेत शेवटी. म्हणून रात्री लॅपटॉपवर ग्नू बॅकगॅमनला तीच चाल हजारो वेळा शेवटपर्यंत खेळायला लावली. निकाल? सर्वांत मागची सोंगटी दहा घरं पळवण्याच्या रूढ चालीत आणि मामांच्या चालीत जवळपास काहीच फरक नाही!

याची खरी सुरुवात १९९२ ची. आयबीएमच्या जेराल्ड टेसॉरो यांनी टीडी-गॅमन नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो स्वतःशीच खेळून शिकला, पुढच्या एका आवृत्तीत तर तब्बल १५ लाख डाव. त्याने जाणकारांची मतं फिरवली, पण गंमत म्हणजे उलट्या दिशेनेही. दोन-एक पडले की पाचव्या घरात मुद्दाम एकटी सोंगटी ठेवायची, ही धाडसी चाल तेव्हा मोठे खेळाडू सर्रास खेळत. समोरच्याच्या ३६ पैकी १५ दानांत ती मार खाते, पण वाचली तर मोक्याचं घर मिळतं. प्रोग्रॅमला मात्र मागची जोडी फोडून एक सोंगटी पुढे सरकवणं जास्त पसंत पडलं, आणि हळूहळू खेळाडूंनीही तेच उचललं.

म्हणजे विचित्र दिसते म्हणून चाल वाईट नाही, आणि धाडसी दिसते म्हणून चांगलीही नाही. "असं कोणी करत नाही" हा मुळात युक्तिवादच नव्हे. ती फक्त आपली सवय.

आता कबुली देतो. गेल्याच महिन्यात टीममधल्या एका नव्या मुलीचा कोड मी नेमकं हेच वाक्य लिहून परत पाठवला होता. चालवून न बघता. बिचारीने काही न बोलता बदलला. कदाचित तिचा कोड खरंच वाईट असेल. पण मला ते माहीत नाही, कारण मी तपासलंच नाही. सोमवारी तिची जुनी आवृत्ती काढून, दोन्ही मोजून बघणार आहे. आणि निकाल काहीही लागो, तिला सांगणार आहे.

रविवारी निघताना मामांना लॅपटॉपवरचे आकडे दाखवले. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "म्हणजे मी बरोबर होतो, हे कळायला तुला रात्रभर जागावं लागलं?"

असो. फासे माझ्याकडे आहेत. कोणी येतंय का खेळायला? :)