लाल शाईचा एक गोल

बरेच दिवस इथं काही लिहिलं नाही. कारण नातेवाइकांना ठाऊक आहे, ब्लॉगवाल्या मित्रांना सांगतो. मी परीक्षेला बसलो होतो. मुक्त विद्यापीठाच्या पदवीच्या पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर, वय वर्षं ७३. आणि नापास झालो! पास व्हायला ३५ मार्क हवे होते, मिळाले ३१. आधी हसून घ्या, मग पुढं वाचा.

माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, इतिहास आणि मराठी घेऊन. गणिताशी संबंध जुन्या अकरावीच्या एस.एस.सी.ला संपला तो संपलाच. पुढं ३२ वर्षं शाळेत हेच दोन विषय शिकवले. शिक्षक कमी पडले की पाचवी-सहावीचं गणितही गळ्यात यायचं आणि मी ते पुस्तकातलं उदाहरण फळ्यावर उतरवून निभावून न्यायचो. मुलांनी "असं का?" विचारलं की "तशी रीत आहे" म्हणायचो. ही गोष्ट मनात राहून गेली होती. म्हणून हा उद्योग.

दूरस्थ शिक्षणात काय कमी पडतं असं विचारलं की लोक सांगतात, पुस्तकं कळत नाहीत, शिकवायला कोणी नसतं, शिस्त राहत नाही. माझा अनुभव वेगळा आहे. पुस्तक चांगलं होतं. व्याख्यानं म्हणाल तर एनपीटेल आणि स्वयंवर इतकी आहेत की उरलेलं आयुष्य पुरणार नाही. शिस्तीचं तर विचारूच नका, आमच्या वयात पहाटे चारलाच झोप संपते. इंग्रजीचा त्रास झाला, पण गणितातलं इंग्रजी थोडंच असतं, महिनाभरात सरावलो.

कमी पडली ती वेगळीच गोष्ट. ती सांगायला थोडं गणित सांगावं लागेल, घाबरू नका.

इंडक्शन नावाची एक रीत आहे, मराठीत गणिती विगमन. शाळेच्या सायकल स्टँडवर सायकली एकमेकींना खेटून उभ्या असतात, तसं समजा. कोणतीही एक सायकल पडली की तिच्या शेजारची पडणारच, एवढं सिद्ध करायचं. आणि पहिली सायकल पडली, हेही सिद्ध करायचं. मग सगळी रांग पडली म्हणायला हरकत नाही. या रीतीनं दाखवता येतं की १ अधिक ३ अधिक ५ अशा कितीही विषम संख्या ओळीनं घ्या, जितक्या घेतल्या तिचा वर्ग हीच बेरीज येते. तीन घेतल्या तर ९, चार घेतल्या तर १६. करून बघा, मजा वाटते.

मला शेजारची सायकल पाडण्यात इतका आनंद झाला की पहिलीला धक्का द्यायचं मी विसरूनच गेलो. एकदा नव्हे, प्रत्येक वेळी. वाटायचं, पहिली तर उघडच खरी आहे, ती काय लिहायची! स्वाध्याय तसेच लिहिले, टपालानं पाठवले. परत आले तेव्हा वर मार्क होते, खाली सही होती आणि प्रत्येक उत्तरावर एक टिकमार्क. मी खूश. परीक्षेतही तसंच लिहून आलो.

दिवाळीत भाची आली होती, ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. सहज म्हणून वही चाळली आणि म्हणाली, "मामा, एकसाठी हे खरं आहे असं कुठं दाखवलंस?" मी म्हटलं, "त्यात काय दाखवायचं?" तिनं कागद घेतला. म्हणाली, समज की प्रत्येक संख्या तिच्या पुढच्या संख्येइतकीच असते. म्हणजे पाच बरोबर सहा. दोन्हीकडे एक मिळव. सहा बरोबर सात! शेजारची सायकल अगदी बिनचूक पडली की नाही?

मी गप्प. तुझ्या रीतीनं जगातल्या सगळ्या संख्या सारख्या ठरतात मामा, म्हणाली आणि फराळाला उठली.

पेपरात त्या रीतीचे दोन प्रश्न होते. चार मार्क तिथंच गेले, हा माझा हिशेब, विद्यापीठाचा नव्हे. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार एकाची नाही. इतर दोन ठिकाणी शिकणाऱ्यांकडूनही मी हेच ऐकलं आहे. बाजारात तयार स्वाध्याय विकत मिळतात, मोबाइलवर फुकट फिरतात, यावर सगळे नाकं मुरडतात. पण जे कोणी वाचणारच नाही ते मुलानं स्वतः का लिहावं? मी लिहिलं. मलाही तोच टिकमार्क मिळाला.

आपल्याकडे टपालानं शिकवणं नवं नाही. दिल्ली विद्यापीठानं १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, १९८५ मध्ये इग्नू आलं, १९८९ मध्ये नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. ब्रिटनमधली ओपन युनिव्हर्सिटी १९६९ ची, विद्यार्थी १९७१ पासून शिकू लागले. तिचं नाव गाजलं ते बी.बी.सी.वरच्या कार्यक्रमांमुळं, पण तिथं ट्यूटर स्वाध्याय तपासून, शेरे लिहून परत पाठवतो, हा मला तिचा खरा कणा वाटतो. आपण पुस्तकं घेतली, कार्यक्रम घेतले, शेरा तेवढा राहिला. इतिहासाच्या उत्तरावर शेरा नसला तर फार बिघडत नाही, असं मी इतिहासाचा शिक्षक असून म्हणतो. गणितात मात्र चुकलेली ओळ कोणी दाखवली नाही तर माणूस ती चूक पाठ करतो.

तपासणारे म्हणतील, गठ्ठे केवढे येतात, एका वहीमागं मिळतं किती! मान्य आहे. मग स्वाध्याय निम्मे करा. आणि सगळं तपासू नका, पहिली चुकलेली ओळ दिसली की तिला लाल गोल करा आणि वही मिटा.

हे मी कोणत्या तोंडानं सांगतोय, असं माझे माजी विद्यार्थी विचारतील. मीही गठ्ठेच्या गठ्ठे "तपासले" लिहून सही करून परत दिले आहेत. गणिताच्या वह्याही. त्यातल्या किती मुलांनी माझ्या सहीखाली चूक पाठ केली असेल, कोण जाणे.

नातू म्हणतो, आजोबा, मोबाइलला विचारा. विचारलं. सुबक, पूर्ण उत्तर आलं. पण ते त्याचं उत्तर होतं, माझी चूक माझ्या वहीतच राहिली.

असो. फॉर्म पुन्हा भरला आहे. भाचीशी करार झालाय, दर रविवारी मी वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा, तिनं उत्तर सांगायचं नाही, फक्त गोल करायचा. या रविवारचा गोल आला आहे, चौथ्या ओळीवर. तीन दिवस झाले, तिथं काय चुकलं ते अजून दिसलेलं नाही. जेवणं आटोपली की पुन्हा बसतो.