वेष्टनावर लोणी, बाटलीत पाणी

दिवाळी उलटून हवेत कोरडेपणा आला, की सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांतील मांडणी बदलते. पुढच्या फळीवर ‘कोको बटर’ आणि ‘शिया बटर’ अशी ठळक अक्षरे मिरविणाऱ्या बाटल्या येतात. आपल्या वाचकांपैकी अनेकांची अशी दुकाने आहेत. ज्यांची नाहीत, त्यांच्या घरी या बाटल्या आहेतच. म्हणून ही दोन परदेशी लोणी काय आहेत, त्वचेवर काय करतात, काय करीत नाहीत आणि बाटलीत प्रत्यक्ष किती असतात, याविषयी या वेळी लिहीत आहे. मी वैद्य नाही, रसायनशास्त्रज्ञही नाही. परंतु सारी नोकरी दुसऱ्यांचे ताळेबंद वाचण्यात गेल्यामुळे, मोठ्या अक्षरांत छापलेले शेवटी वाचावे आणि बारीक अक्षरांतल्या टिपा आधी वाचाव्यात, एवढी सवय अंगी जडली आहे.

प्रथम कोको. ज्या बियांपासून चॉकलेट होते, त्या बियांच्या गरात जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांशाचा असतो. १८२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्हान हाउटेन यांनी दाबयंत्राने हा स्निग्धांश वेगळा काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यांना हवी होती ती पेयासाठी हलकी कोको पूड. लोणी हे मागे उरणारे उत्पादन होते. पुढे याच उरलेल्या लोण्यावर घट्ट चॉकलेटचा सारा उद्योग उभा राहिला. या लोण्याचा एक गुण विलक्षण आहे. साध्या तापमानाला ते दगडासारखे कठीण असते, हाताने सहज तुटत नाही. पण सुमारे ३४ ते ३६ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेच्या किंचित खाली, एकदम वितळते. चॉकलेट जिभेवर विरघळते ते यामुळेच. औषधनिर्मात्यांनीही शरीरात ठेवावयाच्या औषधी वड्यांसाठी दीर्घकाळ हेच लोणी वापरले. त्वचेवर चोळताच ते पातळ होते आणि पातळ थर होऊन राहते.

शियाची कथा निराळी आहे. हा वृक्ष पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला युगांडा-इथिओपियापर्यंत पसरलेल्या कोरड्या गवताळ पट्ट्यात वाढतो. त्याच्या बागा सहसा कोणी लावत नाही. शेत तयार करताना शेतकरी तो न तोडता राखतो, इतकेच. फळ धरू लागायला त्याला १५ ते २० वर्षे लागतात. फळे वेचणे आणि लोणी काढणे हे काम मुख्यतः स्त्रियांचे. उत्तर घाना, बुर्किना फासो, माली येथील खेड्यांत त्या पहाटे उठून गळालेली फळे गोळा करतात, बिया उकळतात, वाळवितात, फोडतात, भाजतात, दळतात. मग त्या पिठात पाणी घालून हाताने तासन् तास घुसळतात. पांढरा फेसाळ स्निग्धांश वर आला की तो धुऊन, कढवून, गाळून घेतात. ताक घुसळणाऱ्या आपल्या आजीला हे काम पाहून नवल वाटले नसते. स्कॉटिश प्रवासी मंगो पार्क याने अठराव्या शतकाच्या अखेरीस नायजर नदीकाठी हे लोणी पाहिले व त्याचे वर्णन लिहिले. वृक्षाच्या जुन्या शास्त्रीय नावात ‘पार्काइ’ हा शब्द त्याच्यावरून आला. तो लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

या स्त्रियांच्या हाती किती पडते, हा प्रश्न आपल्यासारख्या व्यापारी समाजाने विचारलाच पाहिजे. निर्यात होणाऱ्या शियाचा बहुतांश भाग मलमात जात नाही, तो खाद्यउद्योगात जातो. आणि मोठा माल कच्च्या बियांच्या रूपाने परदेशी कारखान्यांकडे रवाना होतो. नफा प्रक्रियेत आहे, हे त्या देशांनाही आता उमगले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये नायजेरियाने कच्च्या शिया बियांच्या निर्यातीवर सहा महिन्यांची बंदी जाहीर केली ती याच हिशेबाने. कोकोचा बाजार तर २०२४ साली सर्वांनी पाहिला. आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांत जगातील निम्म्याहून अधिक कोको पिकतो. तेथील पिके बिघडली आणि वर्षानुवर्षे दोन-तीन हजार डॉलरच्या आसपास फिरणारा टनाचा भाव दहा हजारांच्या पुढे गेला. पुढे तो उतरलाही. पण ज्या काळात भाव तिपटी-चौपटीने वाढला, त्या काळात बाटल्यांवरील ‘कोको बटर’ या अक्षरांचा आकार काही कमी झाला नाही. माझे कुतूहल तेव्हापासून अधिक जागे झाले.

आता त्वचेकडे वळू. कोरडी त्वचा म्हणजे तेल कमी झालेली त्वचा असे आपण समजतो. मुळात ती पाणी गमावणारी त्वचा असते. ही लोणी त्वचेवर थर धरून आतील पाण्याची वाफ होणे मंदावतात आणि वरच्या पेशींमधील फटी बुजवून स्पर्श मऊ करतात. ती बाहेरून पाणी आणून देत नाहीत. म्हणून स्नानानंतर अंग कोरडे ठणठणीत पुसून अर्ध्या तासाने लावण्यात अर्धा लाभ वाया जातो. अंग टिपून घ्यावे आणि ओलावा असतानाच लावावे. शियामध्ये साबण न बनणारा असा स्निग्धांशाचा भाग इतर तेलांच्या मानाने बराच जास्त असतो, म्हणून त्याचा स्पर्श अधिक मुलायम लागतो. कोको अधिक कठीण आणि जड. टाचा, कोपर, गुडघे, ओठ यांना ते चांगले. ज्यांचा चेहरा तेलकट आहे किंवा ज्यांना मुरुमे येतात, त्यांनी तोंडाला लावू नये. शिया लावले की उन्हापासून रक्षण होते असेही कोठे कोठे सांगतात. ते सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही. आणि एक गोष्ट विक्रेत्याला कदाचित रुचणार नाही: केवळ पाणी अडविण्याच्या कामात साधी, स्वस्त पेट्रोलियम जेली या दोन्ही लोण्यांहून सरस आहे. लोणी घ्यावे ते त्याच्या स्पर्शासाठी आणि वनस्पतिजन्य असण्यासाठी.

मागील महिन्यात नात्यातील एका दुकानात बसलो होतो. एक गर्भवती तरुणी सासूबाईंबरोबर आली. पोटावर पुढे पांढऱ्या रेषा उमटू नयेत म्हणून काय लावावे, असे तिने विचारले. दुकानातील मुलाने कोको बटरची सर्वांत महाग बाटली काढली आणि म्हणाला, ‘‘ताई, हे रोज लावा, एक रेघ उठणार नाही. खात्रीने सांगतो.’’ सासूबाईंनी दोन बाटल्या घेतल्या. त्या गेल्यावर मी दुकानमालकाला विचारले, ही खात्री कोणी दिली? तो म्हणाला, ‘‘काका, सगळेच असे सांगतात.’’

या सांगण्याची रीतसर परीक्षा झालेली आहे. गर्भवती स्त्रियांचे दोन गट करून, एका गटाला कोको बटरचे मलम आणि दुसऱ्याला तसेच दिसणारे पण कोको बटर नसलेले मलम देऊन लेबनॉनमध्ये व जमैकामध्ये अभ्यास झाले. ते अनुक्रमे २००८ आणि २०१० साली प्रसिद्ध झाले. रेषा उमटण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्या रेषा त्वचेच्या आतील थरातील तंतू ताणले जाऊन येतात. वरून लावलेले लोणी तेथवर पोहोचून काही करील ही अपेक्षाच फार आहे. ताणलेल्या त्वचेची खाज आणि कोरडेपणा मात्र त्याने कमी होतो. ‘‘खाज कमी होईल, मऊ राहील, रेषांची खात्री देता येत नाही,’’ एवढे वाक्य त्या मुलाला शिकविले तर कदाचित दोनऐवजी एक बाटली खपेल. पण बाळंतपणानंतर ती मुलगी जेव्हा आरशात पाहील, तेव्हा तिला आठवण होईल ती कंपनीची नव्हे, दुकानाची.

आता बारीक अक्षरांच्या टिपा. आपल्या देशातील नियमानुसार सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर घटकांची यादी द्यावी लागते. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने, आणि एक टक्का वा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने. यादीत कोको बटर ‘थिओब्रोमा कॅकाओ सीड बटर’ या नावाने आणि शिया ‘ब्युटिरोस्पर्मम पार्काइ बटर’ या नावाने शोधावे. बहुतेक लोशनांत पहिले नाव ‘अ‍ॅक्वा’ म्हणजे पाणी असते. त्यात गैर काही नाही, लोशन पाण्याचेच असते. पाहावयाचे ते हे, की लोण्याचे नाव कितव्या ओळीत आले आहे. आणखी एक खूण आहे. ‘फेनॉक्सिएथेनॉल’ हे टिकाऊपणासाठी घालतात आणि त्याची कमाल मर्यादाच एक टक्का आहे. लोण्याचे नाव त्याच्या मागून आले असेल, तर लोणीही एक टक्क्याच्या आतच आहे असे समजावे. २०० ग्रॅमच्या बाटलीत एक टक्का म्हणजे २ ग्रॅम, अर्धा चमचाही नाही. बाटली उघडताच दरवळणारा चॉकलेटचा वास पुष्कळदा सुगंधद्रव्याचा असतो, कारण शुद्धीकरण केलेल्या कोको बटरला फारसा वासच उरत नाही.

यादी हातात आहेच, तर आपल्या घरांसाठी आणखी काही नावे पाहून ठेवावीत. ‘लॅनोलिन’ मेंढीच्या लोकरीतून येते, ‘सेरा अल्बा’ म्हणजे मधमाश्यांचे मेण, ‘टॅलो’ ही प्राण्यांची चरबी, आणि ओठांच्या लाल मलमातील ‘कार्मिन’ किड्यांपासून काढतात. स्टिअरिक आम्ल आणि ग्लिसरीन वनस्पतिजन्यही असतात आणि प्राणिजन्यही. नावावरून कळत नाही, कंपनीला लेखी विचारावे लागते. पुढे मोठ्या अक्षरांत ‘शिया’ आहे म्हणून मागील सारे वनस्पतिजन्य असते असे नाही. प्राण्यांवरील चाचण्यांपुरता प्रश्न मात्र बराच सुटला आहे: सौंदर्यप्रसाधनांसाठी अशा चाचण्या करण्यावर आणि तशा चाचण्या झालेला माल आयात करण्यावर भारताने २०१४ सालीच बंदी घातली.

हे सारे वाचताना कोकणातील वाचकांना एक गोष्ट केव्हाच आठवली असेल. आमसूल करताना कोकमाच्या ज्या बिया उरतात, त्या वाळवून, फोडून, कुटून, पाण्यात उकळल्या की तेल वर येते. ते थिजल्यावर मुठीने वळून त्याचे गोळे करतात. हेच कोकम तेल किंवा मुठेल. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात भेगाळलेल्या टाचांना ते पिढ्यान् पिढ्या लावतात. कृती पाहिली तर शियाच्या कृतीची सख्खी बहीण. त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक असल्याने ते कोको बटरहूनही घट्ट असते आणि सुमारे ४० अंशांच्या आसपास वितळते. आपल्या उन्हाळ्यात ते अधिक टिकते. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटसाठी नियम केला, तेव्हा कोको बटरशिवाय सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ पाच टक्क्यांपर्यंत घालण्यास मुभा दिली. त्या सहांत शिया आहे. आणि आपला कोकम, आपला साल आणि आपल्या आंब्याच्या कोयीतील गरही आहे. घटकांच्या यादीत कोकम ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’ या नावाने येतो. परदेशी कंपन्या ते नाव छापतात. आपल्याकडे मुठेल अजून बाजाराच्या दिवशी पानात बांधून मिळते आणि मुंबई-पुण्याच्या दुकानात मागितले तर विक्रेता आपल्याकडे पाहतच राहतो. ज्यांच्या घरातील तरुण नवा व्यवसाय शोधीत आहेत, त्यांनी हा माल एकदा हातात घेऊन पाहावा असे मला वाटते.

घरी मलम करावयाचे असेल तर कृती सोपी आहे. एक भाग कोकम तेल किंवा कोको बटर, दोन भाग शिया आणि एक भाग तिळाचे तेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी. थेट आचेवर ठेवू नये. सर्व पूर्ण वितळले की कोरड्या बरणीत ओतून लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. शिया हळूहळू थिजू दिले तर तुपासारखे रवाळ होते. बिघडत नाही, पण कणी हाताला लागते. यात पाण्याचा अंश नसल्याने टिकाऊपणाचे द्रव्य लागत नाही, मात्र ओले बोट किंवा ओला चमचा बरणीत जाऊ देऊ नये. खवट वास आला की टाकून द्यावे. मधुमेह असलेल्यांनी टाचेच्या खोल भेगांवर असले काही लावत बसण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवावा.